कच्चं तेल उतरलं तरी पेट्रोल का उतरत नाही, आणि लोक चिडूनही गप्प का?

तुम्ही विचारलंय की २०२५ मध्ये जगात कच्चं तेल एवढं स्वस्त झालं तरी आपल्याकडे पेट्रोल का उतरलं नाही, आणि लोक टॅक्सवर एवढे वैतागलेत तर रस्त्यावर का येत नाहीत. मी नागपूरला अमरावती रोडवरच्या एका पेट्रोल पंपावर अकरा वर्षांपासून हिशेब बघतो, टँकरची बिलं, रोजचा स्टॉक, बँकेचा भरणा हे सगळं माझ्याच हातून जातं, म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर आकड्यांत देऊ शकतो आणि दुसऱ्याचं तर रोज खिडकीतून बघतो.

दुसऱ्यापासूनच सुरू करतो. पंपावर येणारा बहुतेक दुचाकीवाला काय म्हणतो? "भाऊ, शंभरचं टाक." लिटर कोणी सांगत नाही. २०१६ च्या सुरुवातीला शंभराच्या नोटेत दीड लिटरच्या आसपास यायचं, २०२५ मध्ये नागपुरात भाव १०४ च्या घरात होता म्हणजे त्याच नोटेत ९६० मिलिलिटर. नोट तीच, मशीनवर आकडा तोच शंभर, फक्त गाडी दोन दिवस आधी रिझर्व्हला लागते, आणि तेव्हा माणूस पंपावर नसतो, कुठेतरी छत्रपती चौकात गाडी ढकलून राहिला असतो. मग तो राग काढणार कोणावर?

आधी असं नव्हतं. भाव वाढायचा तर रात्री बारापासून वाढायचा, संध्याकाळी टीव्हीवर बातमी यायची आणि पंपावर रांगा लागायच्या. मे २०१२ मध्ये पेट्रोल एका झटक्यात साडेसात रुपयांनी वाढलं होतं, मी तेव्हा कॉलेजात होतो, बाबांची स्कूटर घेऊन दीड तास रांगेत उभा होतो आणि रांगेत एकच विषय. ३१ मे ला भारत बंद झाला, पेट्रोलचा भाव नंतर थोडा खाली पण आणावा लागला. १६ जून २०१७ पासून देशभर भाव रोज बदलायला लागला, सकाळी सहाला. मग कधी २५ पैसे, कधी ३५ पैसे. ३५ पैशासाठी कोण बंद करणार हो? पण २०२१ चा मे महिना आठवा, बंगालचे निकाल २ मे ला लागले, ४ मे पासून पैशापैशाने भाव चढायला लागला आणि त्याच उन्हाळ्यात पेट्रोलने शंभरी गाठली. मार्च २०२२ मध्ये पण तेच, साडेचार महिने भाव जागचा हलला नाही, पाच राज्यांच्या निवडणुका आटोपल्या आणि २२ मार्चपासून दोन आठवड्यात दहा रुपये, बहुतेक दिवशी ८०-८० पैसे. भाव बाजार ठरवतो असं सांगतात, मला ते पटत नाही. ज्या बाजाराला निवडणुकीची तारीख माहीत असते तो बाजार कसला.

आता टॅक्सचं. २०२५ चा हिशेब घेऊ, कच्च्या तेलाचं पिंप ६५ डॉलरच्या आसपास धरा, एका पिंपात १५९ लिटर, डॉलर ८५ रुपये धरला तर कच्चं तेल लिटरला ३५ रुपये पडतं. ते शुद्ध करणं, आणणं, कंपनीचा खर्च-नफा धरून ५३-५४ रुपये. पंपमालकाचं कमिशन चार रुपयांच्या थोडं वर. १०४ मधले उरलेले ४६ च्या आसपास रुपये कर होते. त्यात केंद्राचे २१.९० आणि राज्याचे चोवीसेक. म्हणजे तुम्ही शंभरचं टाकलं की ४४-४५ रुपये टाकीत जातच नव्हते.

केंद्राचा कर लिटरमागे ठरलेला आकडा असतो, कच्चं तेल ४० डॉलर होवो की १२०, तेवढाच. राज्याचा व्हॅट टक्क्यात, पेट्रोलवर २५ टक्के आणि वर लिटरला ५.१२ रुपये, डिझेलवर २१ टक्के. आणि हा टक्का लागतो तो केंद्राचा कर धरून झालेल्या किमतीवर, करावर कर. म्हणून भाव वाढला की राज्याची कमाई आपोआप वाढते, एक रुपया वाढला तर पंचवीस पैसे राज्याच्या खिशात, कोणाला काही जाहीर करायची गरज नाही. आणि भाव उतरायला लागला की केंद्र कर वाढवून मधली जागा भरून टाकतं. हेच तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एप्रिल २०१४ मध्ये पेट्रोलवर केंद्राचा कर ९.४८ होता आणि डिझेलवर ३.५६. तेल कोसळलं तसा नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ मध्ये नऊ वेळा वाढवला. पुढे २०२० ला करोनात जगात तेलाला गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मार्चमध्ये तीन रुपये आणि मे मध्ये पेट्रोलवर दहा, डिझेलवर तेरा रुपये एका रात्रीत वाढवले, कर गेला ३२.९८ वर. पंपावरचा भाव मे मध्ये हललाच नाही त्यामुळे कोणाला कळलं नाही, आम्हाला कळलं. एप्रिल २०२५ मध्ये तेच झालं, तेल उतरलं, दोन रुपये कर वाढला, कंपन्यांनी पोटात घेतला, भाव जागेवर. त्याच दिवशी सिलिंडर ५० रुपयांनी वाढलं, ते मात्र सगळ्या घरांत कळलं.

हे पण सांगतो, नाहीतर एकतर्फी होईल. २०२५ चे २१.९० हे २०२० च्या ३२.९८ पेक्षा कमी होते, नोव्हेंबर २०२१ आणि मे २०२२ ला केंद्राने कर खाली आणला, जुलै २०२२ मध्ये राज्यानेही पेट्रोलवर पाच आणि डिझेलवर तीन रुपये सोडले. पण जे वर जातं ते पूर्ण खाली येत नाही, दरवेळी थोडं मागे राहतं. राज्याचं घ्या ना, २०१५ च्या ऑक्टोबरात दुष्काळासाठी म्हणून लिटरला दोन रुपये लावले, आम्ही विदर्भातले, दुष्काळासाठी कोण नाही म्हणणार? पुढे पाऊस आला, अधिभार गेला नाही, उलट कमी-जास्त होत २०२० मध्ये १०.१२ वर गेला. आता ५.१२ आहे. कशासाठी आहे ते आज कुठल्याच फलकावर लिहिलेलं नाही.

पंपावर दोन माणसं भांडतात तेव्हा एक म्हणतो केंद्र लुटतं, दुसरा म्हणतो राज्याने व्हॅट कमी करावा, केंद्राचा अर्धा पैसा राज्यालाच तर मिळतो. हे अर्धा पैसा प्रकरण मी सगळ्यांना नीट समजावून सांगतो कारण इथे लोक फार फसतात. २०२५ मध्ये केंद्राच्या २१.९० मधले राज्यांसोबत वाटायचे फक्त १.४० रुपये होते, बाकी सगळं सेस म्हणजे ठरावीक कामासाठीचा उपकर आणि विशेष शुल्क, रस्त्यासाठी, शेती पायाभूत सुविधांसाठी वगैरे, त्यात राज्यांचा वाटा नसतो. त्या १.४० चे ४१ टक्के म्हणजे ५७ पैसे सगळ्या राज्यांत मिळून, आणि त्यात तेव्हा महाराष्ट्राचा वाटा ६.३१७ टक्के. किती झाले? लिटरमागे साडेतीन पैसे. आणि दुसरा मुद्दा तेलरोख्यांचा, की जुन्या सरकारने तेल कंपन्यांना रोख पैशाऐवजी हे कर्जरोखे देऊन उधारी करून ठेवली ती फेडतो आहोत. ते रोखे साधारण १.३ लाख कोटींचे होते, आणि पेट्रोल-डिझेलवरचा केंद्राचा कर एकट्या २०२०-२१ मध्ये ३.७२ लाख कोटी जमा झाला. उधारी खरी होती, पण हा हिशेब तिच्यावर टाकून चालत नाही.

"जीएसटीत आणा" असं पण बरेच म्हणतात. घटनेत सोय आहे, तारीख जीएसटी कौन्सिलने ठरवायची. सप्टेंबर २०२१ ला लखनौच्या बैठकीत विषय आला आणि आता वेळ नाही म्हणून बाजूला ठेवला. कारण उघड आहे, २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर राज्यांच्या हातात स्वतःचे म्हणावे असे मोठे नळ थोडेच राहिले, त्यात दारू आणि पेट्रोल-डिझेल. कोणत्याही पक्षाचं राज्य असो, तो नळ कोणी सोडत नाही. सीमेवर जाऊन बघा, सावनेरच्या पुढे केळवद, मग एमपी लागतं, तिकडे पेट्रोल आपल्यापेक्षा महाग. आपल्याच हद्दीत टाकी फुल करून मग पुढे जा असं इथला प्रत्येक ड्रायव्हर सांगतो.

पण जीएसटीबाहेर ठेवल्याचा खरा मार कोणाला बसतो ते सांगतो. आमच्याकडे एक टेम्पोवाले काका येतात, छोटा हत्ती आहे त्यांचा, पहाटे कळमन्यातून भाजी उचलतात आणि हिंगण्याकडच्या दुकानांना देतात. कारखानदार कच्चा माल घेतो तर त्यावरचा जीएसटी पुढच्या करातून वजा करतो, ट्रान्सपोर्टवाल्याला डिझेलवर असं काही मिळत नाही, भरलेला सगळा कर भाड्यात चढतो आणि भाडं भेंडीत. ज्याच्या घरी सायकल पण नाही तो भेंडी घेताना डिझेलचा कर भरून राहिला असतो, त्याला कोणी सांगितलेलं नाही. काकांनी मागच्या वर्षी मुलाला म्हटलं होतं दुसरी गाडी घेऊ, यंदा तो मुलगा दुसऱ्याच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. सीएनजीचं विचारतात लोक, पण २०२२ मध्ये नागपुरात सीएनजी किलोला १२० रुपयांपर्यंत गेला होता, तो पण राज्याने त्यावरचा व्हॅट १३.५ वरून ३ टक्क्यांवर आणल्याच्या वर्षीच. तेव्हा कीट बसवलेले ऑटोवाले अजून पण त्याबद्दल बोलतात.

आता एक रात्र सांगतो. ३ नोव्हेंबर २०२१, दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजन. सणाची गर्दी म्हणून आम्ही आधीच पैसे भरून लोड मागवला होता, टँकर दुपारी खाली झाला, डिप घेतली, म्हणजे पट्टी घालून टाकीतलं तेल मोजलं, तेव्हा पेट्रोल नऊ हजार लिटर आणि डिझेल चौदा हजार. रात्री बातमी आली, पेट्रोलवर पाच, डिझेलवर दहा रुपये कर कमी. लोकांसाठी चांगली बातमी आणि मला पण बरं वाटलं, खरंच. पण टाकीतल्या तेलाचा कर जुन्या दराने भरून झालेला होता, सकाळी सहाला नवा भाव लागला आणि व्हॅट धरून दोन लाखांच्या वर नुकसान. मालक काही न बोलता पूजेची फुलं घेऊन बसले होते. वाढ होते तेव्हा स्टॉकवर फायदा होतो हे खरं आहे, ते मी लपवत नाही, पण तो पंधरा दिवसात पैशापैशाने येतो आणि हे एका रात्रीत गेलं. त्या दिवाळीत पोरांना बोनस अर्धा मिळाला.

आणि शिव्या पण त्याच पोरांना. गेल्या उन्हाळ्यात एका गाडीवाल्याने भावावरून वाद घालत आमच्या नोझलवरच्या मुलाची कॉलर धरली, "तुम्ही लोक लुटून राहिले" म्हणून. पोरगा बारा हजारावर काम करतो, काटोलकडचा आहे, घाबरून गेला. त्या माणसाचा राग खोटा नव्हता, त्याच्या खिशातून खरंच पैसे जात होते, पण त्याला कोणी दाखवलंच नव्हतं की कोण नेतं.

म्हणून माझी मागणी एकच आहे आणि ती मी ज्याला त्याला सांगतो. किराण्याचं बिल बघा, साबणावर किती सीजीएसटी किती एसजीएसटी पैशापर्यंत छापलेलं असतं. हॉटेलात पोहे खाल्ले तर दिसतं. पेट्रोलच्या पावतीवर काय असतं? दर, लिटर, रुपये. बस. एवढे लोक रोज भरतात तो कर आणि तोच पावतीवर नाही. दिल्लीच्या भावाची फोड कंपन्यांच्या वेबसाइटवर मिळते, नागपूरच्या माणसाला ती बघून काय कळणार, आपला व्हॅट वेगळा. पावतीवर दोन ओळी वाढवायच्या आहेत, केंद्र इतके, राज्य इतके. मशीनला जड नाही, कागद पण तोच. मग पुढच्या वेळी तेल उतरलं आणि कर चढला तर त्याच दिवशी प्रत्येकाच्या हातात ते छापलेलं येईल, आणि संविधान चौकात उभं राहायचं की नाही ते लोक ठरवतील. दर किती असावा यावर वाद होऊ शकतो, रस्ते आणि रेशन याच पैशातून होतात हे मला मान्य आहे, पण लपवून घेतलेल्या पैशावर वाद पण करता येत नाही.

तोपर्यंत मी माझ्या परीने करतो. ऑफिसच्या खिडकीत मी हाताने लिहून ही फोड लावली होती, कंपनीच्या तपासणीत साहेबांनी काढायला लावली, बोर्डावर फक्त मान्य मजकूर चालतो म्हणाले. तेव्हापासून जो विचारतो त्याला पावतीच्या मागे पेनाने लिहून देतो, केंद्र इतके, राज्य इतके, कमिशन इतकं, बाकी तेल. परवा एका ऑटोवाल्या काकांनी ती पावती दोनदा वाचली, घडी केली आणि समोरच्या काचेजवळ परमिटच्या प्लास्टिकमध्ये सरकवून ठेवली. म्हणाले, सवारी भाड्यावरून बोलली की दाखवतो.