युद्ध सुरू झालं की कंपन्या एकमेकींचं पाहून बाजार सोडतात का?

हो, पण तुम्ही विचारलेली ही देखादेखी घोषणा करताना जास्त चालते, प्रत्यक्ष बाहेर पडताना कमी. २०२२ मधल्या रशियाचं उदाहरण देतो, कारण ते पंधरा दिवस मी रोज वहीत तारखा टिपत होतो.

२४ फेब्रुवारीला युक्रेनवर हल्ला झाला. २७ ला, रविवार असूनही, ब्रिटिश तेल कंपनी बीपीने रशियाच्या सरकारी तेल कंपनी रोसनेफ्तमधला १९.७५ टक्के हिस्सा सोडत असल्याचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेल आणि इक्विनॉर, १ मार्चला एक्सॉन, याही तेल कंपन्याच. ५ मार्चला व्हिसा आणि मास्टरकार्ड एकाच दिवशी. ८ ला मॅकडोनाल्ड्स, स्टारबक्स, कोक आणि पेप्सी. म्हणजे प्रत्येक जण आपल्याच धंद्यातल्या शेजाऱ्याकडे बघत होता.

युनिक्लो या जपानी कपड्यांच्या कंपनीचं बघा. एचअँडएम आणि झाराने दुकानं बंद केली, तरी युनिक्लोचे मालक तादाशी यानाई म्हणाले की कपडे ही जगण्याची गरज आहे, रशियन लोकांनाही तो हक्क आहे. ही बातमी ७ मार्चची. १० मार्चला युनिक्लोनेही विक्री थांबवली. शर्ट विकायला कायद्याने बंदी नव्हती. पण शेजारची शटर्स पडल्यावर आपलं उघडं शटर लोकांच्या डोळ्यांत येतं. त्यात अमेरिकेतल्या येल विद्यापीठाचे प्राध्यापक सोननफेल्ड यांनी कोण गेलं, कोण राहिलं याची नावानिशी यादीच जाहीर केली. आधी भीती असते ती एकट्याने बाहेर पडून गिऱ्हाईक दुसऱ्याला देण्याची. प्रतिस्पर्धी निघाला की ती भीती संपते आणि एकटंच मागे राहण्याची सुरू होते.

मात्र शेजारी कोणाला मानायचं, हे प्रत्येकाचं वेगळं. रशियातल्या सखालिन-१ या तेल प्रकल्पातून एक्सॉन निघाली, त्याच प्रकल्पात २० टक्के भागीदार असलेली आपली ओएनजीसी विदेश राहिली. ती सरकारी कंपनी, तिची नजर दिल्लीकडे.

आणि घोषणा नीट वाचा. पेप्सीने शीतपेयं थांबवली, पण दूध आणि बाळांचं खाणं विकणं चालू ठेवलं. मला ते चूक वाटत नाही, पण त्याला ‘रशिया सोडला’ म्हणणं चूक आहे. खरं निघणं कसं असतं ते कार्ल्सबर्ग या डॅनिश बिअर कंपनीला कळलं. मार्च २०२२ मध्ये जाहीर केलं, जुलै २०२३ मध्ये रशियन सरकारने त्यांची बाल्टिका ही कंपनीच ताब्यात घेतली, आणि विक्री झाली २०२४ च्या डिसेंबरात.