'नास्तिक असले तरी प्रामाणिक': या 'तरी'चं काय करायचं?

प्रश्न असा आला आहे: "एका मृत्युलेखात 'ते नास्तिक असले तरी अत्यंत प्रामाणिक आणि परोपकारी होते' असं वाक्य वाचलं. व्याकरण बरोबर वाटतं, पण कुठेतरी खटकतं. इथे 'असले तरी' चूक आहे का? 'नास्तिक' या शब्दातच अनीतीचा अर्थ दडलेला आहे का? त्याऐवजी 'निरीश्वरवादी' लिहावं का?"

आधी व्याकरणाचं उरकून टाकू. वाक्य शुद्ध आहे. 'असले तरी' किंवा 'असूनही' यांना दोन गोष्टींत विरोध लागतो, पण तो प्रत्यक्षात असायलाच हवा असं नाही. बोलणाऱ्याच्या मनात असला तरी पुरतो. 'तो उंच असूनही चपळ आहे' असं म्हणणाऱ्याने उंच माणसं मंद असतात हे गृहीत धरलेलं असतं. ते गृहीतक आपल्याला हास्यास्पद वाटेल, वाक्य मात्र जागचं हलत नाही.

तुम्हाला खटकलं ते हे गृहीतक. ते किती खोल रुजलं आहे हे पाहायचं तर वाक्य उलटसुलट करून बघा. 'तो नास्तिक असूनही प्रामाणिक आहे' हे कानाला सरळ लागतं. 'तो आस्तिक असूनही लबाड आहे' हेही लागतं. उलट त्यात थोडा चिमटा आहे म्हणून जास्तच छान लागतं. आता 'तो आस्तिक असूनही प्रामाणिक आहे' म्हणून पाहा. ऐकणारा थबकतो, बोलणाऱ्याला काहीतरी वेगळंच सुचवायचं आहे असं त्याला वाटतं. म्हणजे देवाचं नाव घेणाऱ्याची लबाडी पकडणारं वाक्यसुद्धा त्याच गृहीतकावर उभं आहे. आस्तिकाला टोमणा मारताना आपण नकळत आस्तिक्यालाच गुण देऊन बसतो.

हे फक्त मराठीत आहे असं नाही. २०१७ साली १३ देशांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांवर केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. लहानपणी प्राण्यांचे हाल करणारा आणि मोठेपणी माणसं मारणारा एक माणूस वर्णन करून सांगायचा आणि विचारायचं: हा शिक्षक असण्याची शक्यता जास्त, की शिक्षक आणि शिवाय नास्तिक असण्याची? दुसऱ्या गटाला 'नास्तिक'च्या जागी 'धार्मिक' असा पर्याय. तर्काने पाहिलं तर दोन अटी एकत्र असण्याची शक्यता एका अटीपेक्षा जास्त असूच शकत नाही. तरीही 'शिक्षक आणि धार्मिक'पेक्षा 'शिक्षक आणि नास्तिक' या चुकीच्या पर्यायाकडे लोक जवळपास दुप्पट प्रमाणात घसरले. गंमत म्हणजे त्यात स्वतःला नास्तिक म्हणवणारेही होते. तेव्हा मृत्युलेख लिहिणाऱ्यावर फार चिडू नका. तो कदाचित स्वतःही नास्तिकच असेल.

आता दुसरा प्रश्न: शब्दातच अनीती आहे का? इथे थोडं थांबावं लागेल, कारण उत्तर 'हो, होती' असं आहे. आणि ती देवामुळे नव्हती.

संस्कृत व्याकरणकार पाणिनीचं सूत्र आहे 'अस्तिनास्तिदिष्टं मतिः' (४.४.६०). 'आस्तिक', 'नास्तिक' आणि 'दैष्टिक' हे तीन शब्द त्याने यात एका दमात सिद्ध केले. देवाचा यात उल्लेखच नाही. नुसतं 'आहे' आणि 'नाही'. काय आहे आणि काय नाही, हे सूत्र सांगत नाही. पाणिनीच्या व्याकरणावरच्या महाभाष्यात पतंजली या सूत्रावर एक शंका काढतो: 'ज्याला मती आहे तो आस्तिक' असा अर्थ घ्यायचा का? मग चोरालाही तो शब्द लागू होईल! म्हणून नाही, 'आहे असं ज्याचं मत, तो आस्तिक' असा अर्थ घ्यायचा. मला यातला चोर फार आवडतो. उदाहरण म्हणून पतंजलीला कोणीही चालला असता, पण 'आस्तिक म्हटला जाऊ नये असा बुद्धिमान माणूस' म्हटल्यावर त्याला आठवला तो चोर. दोन हजार वर्षांपूर्वीच्या व्याकरणाच्या चर्चेतही नीतीचा प्रश्न असा मागच्या दाराने आत आला आहे.

'आहे' म्हणजे काय आहे, हे पाणिनीच्या सूत्रांवरची काशिकावृत्ती ही टीका स्पष्ट करते: परलोक. परलोक आहे असं ज्याला वाटतं तो आस्तिक, त्याच्या उलट तो नास्तिक. कठोपनिषदात नचिकेता यमाला विचारतो तेही हेच: माणूस मेल्यावर कोणी म्हणतात 'अस्ति', कोणी म्हणतात 'नायमस्ति', खरं काय? परलोक याचा व्यवहारातला अर्थ केलेल्या कर्माचं फळ. तेव्हा मूळच्या नास्तिकाचं म्हणणं 'देव नाही' एवढंच नव्हतं, 'हिशेब होत नाही' असं होतं. सर्वांत लख्ख पुरावा पाली ग्रंथांत मिळतो. दीघनिकाय या बौद्ध ग्रंथातल्या सामञ्ञफल सुत्तात अजित केसकंबली या बुद्धकालीन विचारवंताचं मत दिलं आहे: दानाला अर्थ नाही, यज्ञाला नाही, चांगल्यावाईट कर्मांचं फळ नाही. एकामागून एक 'नत्थि', 'नत्थि', म्हणजे 'नाही', 'नाही'. अशा मताला बौद्धांनी 'नत्थिकवाद' म्हटलं. जगाचा कर्ता ईश्वर स्वतः न मानणाऱ्या लोकांनी दुसऱ्याला नास्तिक म्हटलं, ते कर्मफळ नाकारल्याबद्दल!

मनुस्मृतीने शब्दाची कुंपणं हलवली. 'नास्तिको वेदनिन्दकः' (२.११), तर्काचा आधार घेऊन श्रुती-स्मृतींचा अवमान करणारा तो नास्तिक. या मापाने बौद्ध आणि जैन नास्तिक ठरले, आणि वेदांतल्या कर्मकांडाचा अर्थ लावणारे, पण सृष्टिकर्ता ईश्वर न मानणारे मीमांसक मात्र वेद मानतात म्हणून आस्तिक राहिले. सांख्य दर्शनाच्या अनुयायांचंही तेच. जैन आचार्य हरिभद्रांनी षड्दर्शनसमुच्चयात बौद्ध आणि जैन दोघांना आस्तिकांच्या रांगेत बसवलं आणि बाहेर ठेवलं ते फक्त लोकायतांना, म्हणजे परलोक न मानणाऱ्या चार्वाकपंथीयांना. प्रत्येकाने हा शब्द आपल्या दाराच्या पलीकडच्या माणसासाठी वापरला. (ग्रीकमध्येही तेच झालं. 'आथेऑस' म्हणजे देवहीन, ही शिवी रोमन साम्राज्यात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना मिळाली, कारण ते तिथल्या देवांना मानत नसत.)

आजच्या मराठीत 'नास्तिक' म्हणजे देव न मानणारा, बाकी काही नाही. कर्मफळ गळलं, वेद गळले. पण जुन्या अर्थाबरोबर आलेला संशय गळला नाही. 'हिशेब होत नाही' म्हणणारा कसाही वागेल अशी शंका घेण्याला निदान काहीतरी कारण होतं. 'देव नाही' म्हणणाऱ्याला ती शंका वारशाने मिळाली. भर घातली ती 'ऋण काढून तूप प्या' या चार्वाकाच्या नावे सांगितल्या जाणाऱ्या वचनाने. निरनिराळ्या दर्शनांची ओळख करून देणाऱ्या चौदाव्या शतकातल्या सर्वदर्शनसंग्रहामुळे ते प्रसिद्ध झालं, आणि तो ग्रंथ काही चार्वाकपंथीयाने लिहिलेला नाही. ज्याचं म्हणणं बहुतांशी विरोधकांच्या तोंडून आपल्यापर्यंत पोचलं, त्याच्या नीतीबद्दल ठाम बोलणं जरा धाडसाचंच.

पाश्चात्त्यांकडे याच संशयाने कायद्याचं रूप घेतलं. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉकने १६८९ मध्ये धार्मिक सहिष्णुतेची बाजू मांडली, पण नास्तिकांना त्यातून वगळलं. त्यांना वचन, करार, शपथ बांधून ठेवू शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. त्याच्या थोडं आधी फ्रेंच विचारवंत पिएर बेलने उलट बाजू मांडली होती: माणसं आपल्या तत्त्वांप्रमाणे वागतच नाहीत, स्वभाव, सवय आणि लोकलाज यांप्रमाणे वागतात, त्यामुळे नास्तिकांचा समाजही सुरळीत चालेल. उघडपणे नास्तिक असलेला चार्ल्स ब्रॅडलॉ १८८० मध्ये ब्रिटिश संसदेवर निवडून आला, पण शपथेच्या वादात खुर्ची मिळायला १८८६ उजाडलं. आपल्याकडे 'देवाशपथ' आणि 'आईशपथ' एकाच श्वासात चालतात, दुसरी जास्त जड मानली जाते. लॉकला हे कोणी सांगायला हवं होतं.

मग वागण्यात फरक पडतो की नाही? २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिका आणि कॅनडातल्या १,२५२ प्रौढांना दिवसातून अनेकदा मोबाईलवर विचारलं गेलं: गेल्या तासाभरात तुम्ही काही चांगलं-वाईट केलंत का? धार्मिक आणि अधार्मिक यांच्या कृत्यांचं प्रमाण सारखंच निघालं. अर्थात हे त्यांनी स्वतः सांगितलेलं, तेवढी सवड ठेवायला हवी. पण एक फरक दिसला, आणि शब्दवेड्याला तोच महत्त्वाचा: वाईट केल्यावर धार्मिकांना अपराधीपणा जास्त तीव्रतेने जाणवला, आणि चांगलं केल्यावर अभिमानही.

मराठीत यासाठी शब्द तयार आहे, 'पापभीरू'. नीट पाहा, 'देवभीरू' आपण सहसा म्हणत नाही. भीती पापाची. पाप 'लागतं', जसा डाग लागतो, ठेच लागते. ते कोणी वरून द्यावं लागत नाही. देव न मानणाऱ्याला 'पाप लागेल' म्हणायची सोय नाही, तो 'मनाला पटत नाही' किंवा 'बरं वाटत नाही' म्हणतो. कृत्य टळलं तर दोघांचंही टळलं. फरक नंतरच्या टोचणीच्या शब्दांत. आणि तुकोबांनी 'पुण्य पर उपकार पाप ते परपीडा' म्हणून पापाची व्याख्याच अशी केली आहे की नास्तिकालाही ती उचलता यावी.

'धर्म' हा शब्द तर आणखी घोळ घालतो. 'धर्म नसेल तर माणूस नीतीने वागेल का' हा प्रश्न मराठीत विचारला की अर्धं उत्तर त्यातच येतं, कारण आपला 'धर्म' म्हणजे पंथ-उपासनाही आणि कर्तव्यही. शेजारधर्म पाळायला देव लागत नाही. 'अधर्म' म्हणजे अन्याय, 'निधर्मी' म्हणजे कोणताही धर्म न मानणारा. दोघांना एकच समजून होणारे वाद मी किती पाहिले असतील! नीतीविषयी बोलताना शक्यतो 'नीती' हाच शब्द वापरावा. तो 'नी' म्हणजे नेणे या धातूपासून आला, 'नेता' आणि 'नेत्र' यांचा भाऊ. कुठे नेणार याबद्दल तो काही बोलत नाही, पण निदान देव आहे-नाही या भांडणात पडत नाही.

'निरीश्वरवादी' लिहावं का? ती व्यक्ती तसं मत मांडत असेल तर जरूर. पण '-वादी'मध्ये वाद आला, मांडणी आली. ज्याला या विषयाशी देणंघेणंच नाही त्याला वादी कशाला करायचं? 'देव मानत नसत' हे साधं मराठी पुरेसं आहे. 'अज्ञेयवादी' ही तिसरीच गोष्ट, 'कळू शकत नाही' म्हणणारा. आणि गेलेला माणूस स्वतःला ठणकावून 'नास्तिक' म्हणवत असेल, तर त्याच्या मागे तो शब्द सौम्य करू नका. तो त्याने कमावलेला असतो.

तुमच्या वाक्यात मी एवढंच करीन: 'ते नास्तिक होते. अत्यंत प्रामाणिक आणि परोपकारी होते.' मध्ये पूर्णविराम. 'आणि' घातलं तरी चालेल, पण वाचणारा मनातल्या मनात तिथे 'तरी' वाचेल अशी मला भीती वाटते.

जाता जाता, पाणिनीच्या सूत्रातला तिसरा गडी, 'दैष्टिक'. दिष्ट म्हणजे दैव असा अर्थ घेतला तर हा दैववादी. काशिका मात्र त्याला प्रमाणांनुसार चालणारा म्हणते, तो वाद वेगळा. मराठीत हा शब्द टिकला नाही, माणसं मात्र भरपूर टिकली. जे व्हायचं ते होणारच, आपल्या हातात काही नाही, असं मानणाऱ्याच्या नीतीबद्दल खरं तर जास्त शंका यायला हवी. पण 'ते दैववादी असले तरी प्रामाणिक होते' असं वाक्य मी अजून कुठल्याही मृत्युलेखात वाचलेलं नाही.