वाचकांचे प्रश्न: अण्वस्त्रांची मोजणी कोण करतं?

अमेरिका आणि रशिया यांच्यातला शेवटचा मोठा अण्वस्त्र करार, न्यू स्टार्ट, याची मुदत 5 फेब्रुवारी 2026 रोजी संपली. त्यावर आलेल्या पत्रांपैकी चार इथे घेतली आहेत.

प्रश्न: आमच्याकडे धुऱ्याचा (शेताच्या बांधाचा) वाद सरकारी मोजणी झाल्याशिवाय मिटत नाही. इथे तर दोन्ही पक्ष एकमेकांवर काडीचा विश्वास न ठेवणारे. मग कुणाकडे किती बॉम्ब आहेत हे मोजतं कोण? (एक शेतकरी, ता. मंगरुळपीर, जि. वाशिम)

उत्तर: तिसरा मोजणीदार नसतोच. दोघे एकमेकांचं मोजतात. न्यू स्टार्टमध्ये मर्यादा होत्या त्या अशा: तैनात वॉरहेड (क्षेपणास्त्राच्या टोकावरचे अणुबॉम्ब) 1,550, तैनात क्षेपणास्त्रं आणि बॉम्बर मिळून 700, आणि तैनात नसलेली धरून लाँचर (क्षेपणास्त्र सोडणारी यंत्रणा) व बॉम्बर 800. वर्षातून दोनदा आकडेवारीची देवाणघेवाण, प्रत्येक क्षेपणास्त्राला स्वतंत्र ओळख क्रमांक, आणि वर्षाला 18 तपासण्या.

तपासणीची रीत बघण्यासारखी आहे. जास्तीत जास्त दहा निरीक्षक आधी कळवून मॉस्कोला किंवा उलान-उदेला उतरायचे. रशियाचे लोक वॉशिंग्टनला किंवा सॅन फ्रान्सिस्कोला. कुठला तळ बघायचा ते उतरल्यावरच सांगायचं. नाव कळलं की त्या तळावरची हलवाहलव बंद. यजमान सांगणार, कुठल्या क्षेपणास्त्रावर किती वॉरहेड आहेत. पाहुणे त्यातलं एक निवडणार. त्याचा पुढचा भाग उघडला जातो, पण आतल्या वस्तूंवर कापडी खोळ चढवलेली असते. आतली रचना दिसू द्यायची नाही, संख्या मात्र मोजू द्यायची. एखादी वस्तू 'अण्वस्त्र नाही' असं यजमानाने सांगितलं, तर न्यूट्रॉन मोजणारं यंत्र लावून खात्री करता येते.

पळवाटाही होत्या. बॉम्बर कितीही अस्त्रं नेऊ शकत असला, तरी हिशेबात त्याचं वॉरहेड एकच. गोदामातली वॉरहेड आणि कमी पल्ल्याची रणांगणी अस्त्रं हिशेबाबाहेरच. तरीही 2011 पासून तीनशेच्या वर तपासण्या झाल्या. मार्च 2020 मध्ये कोविडमुळे त्या थांबल्या, त्या पुन्हा सुरू झाल्याच नाहीत. फेब्रुवारी 2023 मध्ये रशियाने करारातला सहभाग स्थगित केला. म्हणजे करार कागदावर संपायच्या कितीतरी आधी मोजणी संपली होती, आणि आमच्या मते खरं नुकसान तेच.

प्रश्न: मुदत वाढवली का नाही? आता चीनला धरून नवा करार होईल का? (स्पर्धा परीक्षेची विद्यार्थिनी, ता. अचलपूर, जि. अमरावती)

उत्तर: करारात मुदतवाढीची सोय एकदाच होती, जास्तीत जास्त पाच वर्षांची. ती 2021 मध्येच वापरून झाली. सप्टेंबर 2025 मध्ये पुतिन यांनी आणखी एक वर्ष त्याच मर्यादा पाळण्याची तयारी दाखवली, पण त्यात तपासणी नव्हती.

तिघांचा करार नजीकच्या काळात होईल असं आम्हाला वाटत नाही. सिप्री या स्वीडिश संस्थेच्या 2025 च्या अंदाजानुसार रशिया आणि अमेरिका प्रत्येकी पाच हजारांच्या वर, तर चीन 600 वॉरहेडच्या आसपास. चीन म्हणतो, आधी तुम्ही खाली या. अमेरिका म्हणते, तुमची संख्या वाढते आहे, आत्ताच थांबा. शिवाय चीनची बरीच वॉरहेड क्षेपणास्त्रांपासून वेगळी ठेवलेली मानली जातात. क्षेपणास्त्र उघडून मोजायची रीत तिथे लंगडी पडते. गोदाम मोजावं लागेल, आणि ते आजवर कुणी कुणाला मोजू दिलेलं नाही. भारत-पाकिस्तानचंही हेच, वर भारताची नजर चीनवर आणि चीनची अमेरिकेवर.

त्यातल्या त्यात जमण्यासारखं म्हणजे चाचणीची आगाऊ सूचना, हॉटलाइन, आकडे कळवणं.

प्रश्न: आमच्या भागात वेकोलीच्या खाणीत रोज ब्लास्टिंग होतं, घरं हादरतात. अशा आवाजात कुणी चोरून अणुचाचणी केली तर कळेल का? (एक शिक्षक, ता. वणी, जि. यवतमाळ)

उत्तर: बहुतेक वेळा कळेल. खाणीत बारूद एकदम उडत नाही. छिद्रांच्या ओळी डिले डिटोनेटरने काही मिलिसेकंदांच्या अंतराने उडवतात, आणि वर उघडं असल्याने बराच जोर दगडमाती उडवण्यात जातो. एक किलोटनची अणुचाचणी म्हणजे 1,000 टन टीएनटीचा जोर, एका क्षणात, खोल आणि बंद जागी. भूकंपापासून ती ओळखतात ती लहरींवरून: स्फोटात आधी पोचणाऱ्या पी लहरी जोरकस, मागच्या एस लहरी तुलनेने क्षीण.

पक्का पुरावा मात्र वायूचा. फटींतून किरणोत्सर्गी झेनॉन वायू झिरपतो, आणि खाणीतल्या बारुदेतून तो येत नाही. उत्तर कोरियाची 2006 ची चाचणी एक किलोटनपेक्षाही लहान होती, तरी तिचा झेनॉन कॅनडातल्या यलोनाइफ केंद्रावर सापडला. सीटीबीटी या अणुचाचणीबंदी कराराच्या जाळ्यात भूकंप, ध्वनी आणि हवा तपासणारी मिळून 321 केंद्रं आणि 16 प्रयोगशाळा योजलेल्या आहेत.

अगदी लहान स्फोट निसटू शकतो. पोखरणला 13 मे 1998 रोजी झालेल्या दोन छोट्या चाचण्या परदेशी भूकंपमापकांवर दिसल्या नाहीत. संशय आला तर प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासायची तरतूद सीटीबीटीत आहे, पण करार लागू झाल्यावरच. त्यासाठी ठरलेल्या 44 देशांची मंजुरी लागते. भारत, पाकिस्तान आणि उत्तर कोरियाची तर सहीसुद्धा नाही.

प्रश्न: भारत-पाकिस्तान दर 1 जानेवारीला अणुठिकाणांची यादी देतात. त्यात पुलगावचा दारूगोळा डेपो येतो का? (ता. देवळी, जि. वर्धा)

उत्तर: नाही. डिसेंबर 1988 चा हा करार अणुभट्ट्या, इंधन निर्मिती, युरेनियमचं समृद्धीकरण, वापरलेल्या इंधनावरची पुनर्प्रक्रिया आणि किरणोत्सर्गी साठ्यांच्या ठिकाणांपुरता आहे. त्यांचे अक्षांश-रेखांश द्यायचे आणि तिथे हल्ला करायचा नाही. साध्या दारूगोळ्याच्या भांडाराला त्याचं संरक्षण नाही. यादी मात्र 1992 पासून चुकलेली नाही, संसदेवरच्या हल्ल्यानंतर फौजा समोरासमोर असताना 1 जानेवारी 2002 लाही नाही.

2005 चा दुसरा करार बॅलिस्टिक (उंच जाऊन कमानीच्या वाटेने खाली येणाऱ्या) क्षेपणास्त्राच्या चाचणीची किमान तीन दिवस आधी सूचना द्यायला लावतो. विमानासारखी उडत जाणारी क्रूझ क्षेपणास्त्रं त्यात नाहीत. मार्च 2022 मध्ये भारताचं ब्रह्मोस हे क्रूझ क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानातल्या मियां चन्नूजवळ पडलं, तेव्हा ही उणीव उघडी पडली. क्रूझचा समावेश करायला नवी मोजणी, नवे निरीक्षक काही लागत नाही. आहे त्या करारात एक कलम वाढवलं की झालं.