कळशी लहान घे

नाशिक

चि. मुलीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. कॉलेजात इतिहास घेतलास, आणि भारत आणि चीन जोडीने शिकायचं ठरवलंस, म्हणून ते पत्र मी दोनदा वाचलं. त्यात एक वाक्य आहे, "दोन महान प्राचीन संस्कृतींची तुलना करायची आहे." बाळ, ते वाक्य आधी खोड. एवढा मोठा हंडा विहिरीत सोडलास तर भरल्यावर वर ओढता येणार नाही. कळशी लहान घे, आणि विहीर घराजवळची निवड.

नववीत मी तुमचा वर्ग पांडवलेण्यांवर नेला होता. दहा नंबरच्या लेण्याच्या ओसरीत तुम्ही सगळ्या सावलीला टेकला होतात. तिथल्या भिंतींवर अक्षरं कोरलेली आहेत, ती तेव्हा मी वाचून दाखवली नाहीत. खाली बस थांबली होती. ते राहिलेलं आज पुरं करते.

क्षहरात या शक क्षत्रप घराण्यातला राजा नहपान, त्याचा जावई उषवदात. त्याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि सोबत 3000 कार्षापणांची, म्हणजे त्या काळच्या नाण्यांची, ठेव दिली. ती भिक्षूंच्या हातात नाही दिली. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे कारागिरांच्या संघांकडे, ठेवली. गोवर्धन म्हणजे आपलं गंगापूर रोडने पुढे गेल्यावर लागणारं गावच. एका श्रेणीकडे 2000, महिना शेकडा एक व्याजाने. दुसरीकडे 1000, महिना शेकडा पाऊण व्याजाने. हा 'पाऊण' त्या प्राकृत लेखात 'पायून' असा आहे. आपण आजही भाजीबाजारात बोलतो तो शब्द जवळजवळ तसाच दगडात बसलाय. 2000 च्या व्याजातून, लेण्यात वर्षावास करणाऱ्या, म्हणजे पावसाळाभर मुक्काम करणाऱ्या 20 भिक्षूंना चीवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी, प्रत्येकी 12 कार्षापण द्यायचे, असं पुढे लिहिलंय. आता वही घे. 2000 वर महिन्याला व्याज 20, वर्षाला 240. आणि 20 भिक्षूंना बारा-बारा म्हणजे किती? 240. हिशोब पै न् पै जुळतो. मी पहिल्यांदा हा गुणाकार केला तेव्हा कितीतरी वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले होते. मुद्दल परत द्यायचं नाही, व्याज तेवढं भोगायचं, असंही लेख बजावतो. अशा ठेवीला त्यात शब्द आहे 'अखयनिवि'. अक्षय नीवी, न संपणारं मुद्दल.

आता चीनला चल. सातवं शतक, तांग घराण्याची राजधानी छांगआन, म्हणजे आजचं शिआन. तिथल्या ह्वातू मठात एक कोश होता. लोक दान आणून टाकायचे. त्यातून देवळांची डागडुजी व्हायची, भुकेल्यांना अन्न मिळायचं, आणि गरजूंना कर्जही दिलं जायचं. त्या कोशाचं नाव 'वू चिन त्सांग'. वू म्हणजे नाही, चिन म्हणजे संपणं, त्सांग म्हणजे कोठार. न संपणारं कोठार! पुढे आठव्या शतकात सम्राट श्वानत्सुंगने तो बंद करून टाकला.

अंगावर काटा आला ना? इथेच सांभाळायचं. "बघा, आपल्या नाशिकचीच कल्पना चीनला गेली" असं लिहायला हात शिवशिवतील. लिहू नकोस. आपल्याकडे पैसा मठाबाहेर, विणकरांकडे होता; तिकडे मठ स्वतःच सावकारी करत होता. हा फरक लहान नाही. शिवाय वाट कुठली? इत्सिंग या चिनी भिक्षूने भाषांतरित केलेल्या विनयग्रंथात, म्हणजे भिक्षूंच्या नियमांच्या ग्रंथात, संघाची ठेव व्याजाने लावण्याचे नियम आहेत, पण तो भारतातून परतला 695 मध्ये, म्हणजे ह्वातू मठाचा कोश सुरू झाल्यावर बऱ्याच काळाने. मग कल्पना त्याआधी कशी पोचली? त्याच्या कितीतरी आधी आलेल्या फाहियान या चिनी भिक्षूने पाटलीपुत्राहून नेलेल्या, महासांघिक पंथाच्या विनयातून? मध्य आशियातल्या व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर? की तिथल्या लोकांनी महायान सूत्रांतला 'अक्षय कोश' हा शब्द घेतला आणि त्यात व्यवहार आपला भरला? असा एक प्रश्न तीन वर्षं पुरतो. यातून तुला व्यापार कळेल, भिक्षूंचं रोजचं जगणं कळेल, राजसत्तेला मठांच्या पैशाची भीती का वाटते तेही कळेल.

"आपण चीनला बुद्ध दिला" हे वाक्य तू भाषणांत पुष्कळ ऐकशील. देणाऱ्याचा अभिमान असला की घेणाऱ्याने काय केलं हे दिसेनासं होतं. तिकडे पिढ्यान् पिढ्या विद्वान एकेका शब्दावर भांडले. कुमारजीव हा बौद्ध भिक्षू 401 मध्ये छांगआनला पोचला आणि शेकडो भिक्षूंसमोर बसून भाषांतरं करू लागला, आणि तोच म्हणायचा की भाषांतर म्हणजे स्वतः चावलेला भात दुसऱ्याला भरवणं. आणि वाहतूक एकाच दिशेने होती असंही नाही. युआन श्वांग 645 मध्ये परतल्यावर सम्राटाने त्याच्याकडून 'ताओ ते चिंग' हा चिनी ग्रंथ संस्कृतात करून मागितला, कारण कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, राजाला तो हवा होता. ते संस्कृत भाषांतर आज हाती नाही. मला त्याची फार हळहळ वाटते.

युआन श्वांगवरून आठवलं. तो महाराष्ट्रात आला होता हे तुला शाळेपासून माहीत आहे. इथले लोक स्वाभिमानी, उपकार करणाऱ्याशी कृतज्ञ आणि अपमान करणाऱ्याचा सूड घेणारे, असं त्याने लिहिलं, ते आपण कौतुकाने सांगतो. त्याच परिच्छेदात लढाईआधी योद्धे दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात, हेही आहे; ते मात्र गाळतो. पूर्ण परिच्छेद वाचायची सवय लाव. हर्षाला या राज्यावर विजय मिळवता आला नाही, असं तो लिहितो. मग कर्नाटकातल्या ऐहोळेचा 634 सालचा शिलालेख काढ. इथल्या चालुक्य राजा पुलकेशीमुळे हर्षाचा हर्ष भयाने गळून गेला, असं रविकीर्ती तिथे म्हणतो. एक दरबारी कवी, एक परका भिक्षू, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही, आणि साक्ष जुळते. अशी साक्ष सापडली की इतिहास शिकण्याचं सार्थक वाटतं. राजधानीचं नाव मात्र युआन श्वांग सांगत नाही. काही अभ्यासकांनी नाशिकचं नाव पुढे केलंय. म्हणून तू लगेच नाशिकच धरून चालू नकोस.

चीनकडे राजघराण्यांचे तारीखवार इतिहास आहेत, सम्राटाच्या कारकिर्दीच्या वर्षासकट. आपल्याकडे उषवदात 'वर्ष 42' लिहितो आणि ते कुठल्या कालगणनेतलं यावर विद्वानांचे वाद चालतात. म्हणून आपल्याला दगड आणि नाणी वाचावी लागतात. 1906 मध्ये आपल्या जिल्ह्यात जोगळटेंभीला नहपानाची तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली, आणि त्यांतल्या बहुतेकांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जिंकलेल्याने हरलेल्याच्या चेहऱ्यावर ठोकलेला तो शिक्का बघायला हवा. अंजनेरीच्या नाणेसंशोधन संस्थेत एक दिवस जा. त्याच काळातली, हान घराण्याच्या चीनची नाणी राजाच्या चेहऱ्याशिवाय, मधे चौकोनी भोक ठेवून ओतलेली असत. असं का, हा प्रश्नही वहीत लिहून ठेव.

भाषेचं मी जीव तोडून सांगते. मी हे सगळं इंग्रजी भाषांतरांतून वाचलं आणि उमेदीची वर्षं त्यातच गेली. ज्या शब्दावर सगळा युक्तिवाद उभा, तो मूळचा शब्द मला कधी वाचता आला नाही. तू पहिल्याच वर्षी चिनी सुरू कर. उच्चाराच्या चार चढ-उतारांनी सुरुवातीला रडकुंडीला येशील, ते चालेल. आजची भाषा पक्की झाली की अभिजात चिनी वेगळी शिकावी लागेल, आणि लिपीही जुनी, सोपी न केलेली. इकडे ब्राह्मी आणि प्राकृत. ब्राह्मी महिन्याभरात येते, तिला घाबरू नकोस. आणि नावांसाठी एक वही कर, कारण ह्युएनत्संग, युआन श्वांग आणि शुआनझांग हा एकच माणूस आहे, आणि वर आलेला सम्राट श्वानत्सुंग त्याच्याहून वेगळा. पुढच्या शिक्षणासाठी शांतिनिकेतनचं चीन भवन आहे, 1937 पासूनचं, आणि दिल्लीत जेएनयू. ते पदवीनंतर बघू.

घरचे नाराज आहेत असं लिहिलंस. तुझे आजोबा देवळालीला तोफखान्यात होते. 1962 त्यांनी वर्तमानपत्रात वाचलेलं नाही, त्यांचे सोबती गेले. त्यांच्याशी वाद घालू नकोस. त्यांच्याजवळ बस आणि त्यांना आठवतं ते लिहून घे, तेही याच विषयातलं साधन आहे. त्याच युद्धाच्या वेळी आपल्या देशात राहणाऱ्या सुमारे 3000 चिनी वंशाच्या माणसांना, लेकराबाळांसकट, राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबलं होतं. हेही कधीतरी वाच, आणि वाचून झालं की आजोबांना हलक्या आवाजात सांग. ते ऐकतील असं मला वाटतं.

रविवारी सकाळी सातला पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ये. ऊन चढायच्या आत दहा नंबरला पोचू. टॉर्च आण, मोबाइलचा नको. भिंतीवर उजेड बाजूने तिरका टाकला की झिजलेली अक्षरं उठून दिसतात. 'पायून' तू शोधायचा, मी सांगणार नाही.

तुझ्या,
बाई