तिसरे बाळंतपण आणि दिवाळीपासूनचे दिवस

ताई, माझे वय २८. विट्याजवळच्या एका गावात सासू-सासऱ्यांजवळ राहते. थोरली मुलगी पाच वर्षांची, धाकटी दहा महिन्यांची; धाकटीच्या वेळी सिझेरियन झाले. मिस्टर तमिळनाडूत गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळण्याच्या, दुकानात असतात. ते दिवाळीला आले आणि त्रिपुरी पौर्णिमेला परत गेले. धाकटी अजून अंगावर पिते, पाळी सुरूच झाली नव्हती, म्हणून मी निर्धास्त होते. गेल्या आठवड्यात उलट्या होऊ लागल्या म्हणून किट आणून पाहिले, तर दोन रेघा. दीड महिना झाला असेल. सासूबाई म्हणतात, ठेव, या खेपेला मुलगाच होईल. जाऊबाई म्हणतात, सीमेपलीकडे नेऊन तपासून घेऊ, मुलगी निघाली तर खाली करू. मिस्टर म्हणतात, आईला विचारून ठरव. मला चार महिन्यांपूर्वी पतसंस्थेत नोकरी लागली आहे. हे मूल नको असे वाटते, आणि तसे वाटते म्हणून रात्र रात्र रडू येते. ओळखीचा मेडिकलवाला गोळ्या देतो म्हणतो. पतसंस्थेत कोणाला कळू नये म्हणून आटपाडीच्या पुढच्या एखाद्या दवाखान्यात जावे, असेही मनात येते. मिस्टरांची सही लागते का? हे पाप आहे का? आज मार्गशीर्ष अमावास्या आहे, सगळे झोपल्यावर लिहिते आहे. मावशीखेरीज बाहेर कोणाला सांगितलेले नाही.

प्रिय मैत्रीण,

हे उत्तर छापून येण्याआधी तुम्हाला स्वतंत्रपणे पाठवले आहे आणि तुमच्या परवानगीनेच, ओळख पटणार नाही अशा बेताने, येथे देत आहे. छापील अंकाची वाट पाहत बसावे असा हा विषय नाही.

तुमच्या पत्रातले मला सर्वांत महत्त्वाचे वाटलेले वाक्य तुम्ही ओझरते लिहून पुढे गेला आहात: ‘दीड महिना झाला असेल.’ यजमान दिवाळीच्या अमावास्येपासून पौर्णिमेपर्यंत घरी होते आणि पत्र मार्गशीर्ष अमावास्येचे आहे, म्हणजे दिवस राहून साधारण ४५ ते ६० दिवस झाले असावेत. परंतु डॉक्टर गर्भाचे वय शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, म्हणजे त्यात दोन आठवडे आणखी धरावे लागतात. तुम्हाला तर पाळीच आलेली नव्हती, त्यामुळे तारखेचा आधार नाही. माझ्या अंदाजाने तुम्ही साडेआठ ते साडेदहा आठवड्यांच्या दरम्यान कोठेतरी आहात, आणि नेमके कोठे आहात हे सोनोग्राफीशिवाय कोणीही, अगदी अनुभवी सुईणसुद्धा, सांगू शकणार नाही.

एवढी मोजदाद मी करते, कारण गोळ्यांनी गर्भपात करण्याची आपल्याकडची मर्यादा नऊ आठवड्यांची, म्हणजे ६३ दिवसांची आहे. तुम्ही त्या रेषेच्या अलीकडे आहात की पलीकडे, हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मेडिकलवाल्यालाही नाही. शिवाय दहा महिन्यांपूर्वी पिशवीवर टाके पडलेले आहेत. गर्भ पिशवीतच आहे ना, नळीत किंवा सिझेरियनच्या जुन्या व्रणावर तर रुजलेला नाही ना, हे आधी पाहावे लागते. तसे असेल तर या गोळ्या उपयोगाच्या नाहीत आणि नंतर होणारा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. गोळ्या वाईट नाहीत, योग्य वेळी आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्या सुरक्षित आहेत. माझा आक्षेप त्या काउंटरवरून, अंदाजाने, गुपचूप घेण्याला आहे. कच्ची पपई आणि काढे यांच्याबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण घरात कोणी सुचवलेच, तर तिकडे लक्ष देऊ नका.

नऊ आठवडे उलटले असतील, तरी घाबरून जाण्याचे कारण नाही. बारा आठवड्यांपर्यंत निर्वात पद्धतीने पिशवी रिकामी करतात. लोक त्यालाही सरसकट ‘क्युरेटिंग’ म्हणतात, पण खरवडण्याची जुनी पद्धत वेगळी आणि ही वेगळी. काही मिनिटांचे काम असते आणि बहुधा त्याच दिवशी घरी येता येते. थोडक्यात, तुमच्या हाती विचार करायला काही दिवस आहेत, महिने नाहीत.

आता सहीबद्दल. १९७१ च्या वैद्यकीय गर्भपात कायद्यानुसार अठरा वर्षांवरील स्त्रीची स्वतःची लेखी संमती पुरते. पतीची, सासूची किंवा वडिलांची सही कायदा मागत नाही. काही दवाखाने सवयीने ‘मिस्टरांना घेऊन या’ म्हणतात, तेव्हा हे शांतपणे सांगावे. वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचे मत पुरेसे असते. २०२१ च्या दुरुस्तीने गर्भनिरोधक साधन निकामी ठरल्याचे कारण अविवाहितांनाही खुले केले आणि स्त्रीचे नाव उघड करणाऱ्यास एक वर्षापर्यंतच्या कैदेची तरतूद केली. तुमचे संमतीपत्र बंद पाकिटात, गोपनीय म्हणून ठेवले जाते. पतसंस्थेत कोणाला कळेल या धास्तीने तुम्ही आटपाडीच्या पुढच्या कुठल्याशा दवाखान्याचा विचार करत आहात. तो सोडून द्या. सरकारी रुग्णालयाला या कामासाठी वेगळी मान्यता लागत नाही, आणि खासगी रुग्णालयाकडे मान्यतेचे प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेले असले पाहिजे. ते दिसले नाही, तर तेथून उठावे.

जाऊबाईंच्या सूचनेबद्दल मात्र मी मऊ शब्दांत लिहू शकत नाही. ‘सीमेपलीकडे तपासून घेऊ’ हे वाक्य ज्या जिल्ह्यात उच्चारले जात आहे, त्याच जिल्ह्यात, मिरज तालुक्यातील म्हैसाळ येथे, मार्च २०१७ मध्ये एका विवाहितेच्या मृत्यूच्या तपासात पुरलेले १९ भ्रूण सापडले होते. ती बाईही कोणाच्या तरी सांगण्यावरूनच तेथपर्यंत पोहोचली असणार. गर्भलिंगनिदान देशभर गुन्हा आहे आणि सीमा ओलांडल्याने कायदा बदलत नाही. अशा प्रकरणात स्त्रीवर पतीने किंवा नातेवाइकांनी सक्ती केली असे कायदा गृहीत धरतो, हे जाऊबाईंच्या कानावर घातलेत तरी चालेल. आणि व्यवहाराचेच बोलायचे, तर त्या ‘तपासणी’ची वाट पाहण्यात तुमचे आठवडे जातील आणि आज सोपे असलेले काम अवघड होईल.

कायद्याची भीती मी बाजूला ठेवते, कारण खरा गुंता वेगळाच आहे. तुमच्या घरात सध्या दोन प्रश्न एकाच ताटात वाढले गेले आहेत: तुम्हाला या वेळी तिसरे बाळंतपण हवे आहे का, आणि घराला मुलगा हवा आहे का. सासूबाई दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देत आहेत, जाऊबाईही दुसऱ्याचेच. पहिला प्रश्न तुम्हाला अजून कोणी विचारलेलाच नाही. तो तुम्ही स्वतःला विचारा. समजा, मुलगाच होणार याची आज कोणी खात्री दिली, तरीही तुम्हाला हे बाळंतपण नकोसे वाटेल का? समजा, मुलगी होणार आणि घरात कोणी एक शब्दही बोलणार नाही, तर तुम्हाला ते हवेसे वाटेल का? दोन्ही वेळा आतून एकच उत्तर आले, तर ते तुमचे स्वतःचे उत्तर आहे असे समजायला हरकत नाही. दोन वेळा दोन उत्तरे आली, तर आणखी दोन-तीन दिवस घ्या आणि एखाद्या समुपदेशकाशी बोला; घाई तारखेची आहे, पण ती इतकीही नाही.

ठेवण्याचा विचारही तितक्याच गांभीर्याने करायला हवा. एका बाळंतपणानंतर पुन्हा दिवस राहण्याआधी किमान २४ महिन्यांचे अंतर असावे, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते. तुमचे अंतर त्याहून पुष्कळ कमी आहे आणि सिझेरियनचा व्रणही ताजा आहे. याचा अर्थ बाळंतपण होऊच शकत नाही असा नाही, अनेकींचे नीट पार पडते; परंतु रक्त तपासून, लोहाच्या गोळ्या घेऊन, मोठ्या रुग्णालयातच ते व्हावे लागेल. दोन मुली असताना तिसऱ्या खेपेची कायदेशीर प्रसूती रजा २६ नव्हे, १२ आठवड्यांची आहे. चार महिन्यांच्या नोकरीत ती पदरात पडते का, हे पतसंस्थेच्या कार्यालयात आधी विचारून घ्या. आणि तीन लहान मुलांना दिवसभर कोण पाहणार, याचे उत्तर ‘होईल काहीतरी’ असे असेल, तर ते काम शेवटी कोणाच्या वाट्याला येते हे तुम्हाला मी सांगायला नको.

पापाबद्दल मी निवाडा देणार नाही, तो अधिकार माझा नाही. दोन मुलींचे दूध, झोप आणि आजारपण सांभाळणारी बाई तिसऱ्यांदा नको म्हणते, यात मला निष्ठुरपणा दिसत नाही, एवढेच म्हणते. रडू येते म्हणून निर्णय चुकीचाच असला पाहिजे, असेही नाही. योग्य वाटलेल्या निर्णयाचेही दुःख होऊ शकते. मात्र रात्र रात्र झोप न लागणे दिवस राहण्याच्या आधीपासूनच होते का, हे आठवून पाहा. बाळंतपणानंतरचे नैराश्य दहा महिन्यांनीही रेंगाळलेले असू शकते. तसे असेल तर ते डॉक्टरांना सांगा, आणि रात्री कोणाशी तरी बोलावेसे वाटले तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक मराठीतही चालतो.

यजमानांना पुन्हा फोन करा, पण दुकानातली गिऱ्हाइके गेल्यावर, आणि ‘काय करू?’ असे विचारू नका. ‘मला असे वाटते, तू माझ्यासोबत आहेस का?’ असे विचारा. ‘आईला विचार’ हे उत्तर नेहमीच बेफिकिरीतून येत नाही. इतक्या दुरून काय बोलावे हे न सुचल्यामुळेही येते. गर्भपाताचे ठरले, तर त्याच फोनवर पुढचेही बोला. अंगावर पाजण्याने संरक्षण मिळते ते बाळ सहा महिन्यांच्या आतले असेल, फक्त आईच्याच दुधावर असेल आणि पाळी आलेली नसेल तोवरच. हे तुम्हाला बाळंतपणाच्या वेळी कोणीतरी सांगायला हवे होते, त्यात तुमची चूक नाही. गर्भपातानंतर दोन-तीन आठवड्यांतच पुन्हा दिवस राहू शकतात, म्हणून तांबी किंवा तीन महिन्यांचे अंतरा इंजेक्शन यांबद्दल त्याच वेळी विचारून घ्यावे. यजमानांसाठी बिनटाका नसबंदीही आहे. जन्मभर तापलेल्या मुशीसमोर उभ्या राहणाऱ्या माणसाने त्या दहा-पंधरा मिनिटांच्या शस्त्रक्रियेला घाबरावे, याचे मला कायम नवल वाटत आले आहे.

गर्भपातानंतर तासाला दोन पॅड भिजावेत इतका रक्तस्राव सलग दोन तास झाला, अंगात दिवसभर ताप राहिला, दुर्गंधी आली किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

तेव्हा या आठवड्यातच विट्याच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा थेट सांगलीच्या वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालयात स्त्रीरोग विभागात जा. जाताना सिझेरियनची फाइल, रक्तगटाचा कागद आणि आधार कार्ड घ्या. रक्तगट निगेटिव्ह असेल तर एक वेगळे इंजेक्शन लागेल का हे डॉक्टर ठरवतील, म्हणून तो आधीच सांगा, आणि धाकटी अंगावर पिते हेही सांगा. सोनोग्राफीच्या आधी एक सरकारी फॉर्म भरून घेतात; तो प्रत्येक गरोदर बाईचा भरतात, त्याला बिचकू नका. सोबत मावशींना न्या. धाकटीला त्या दिवशी थोरलीच्या शाळेची वेळ संपेपर्यंत कोण सांभाळेल, हे मात्र आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

तुमची,
ताई