आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं, तिन्ही कोटेशनं पाहिली. आय-फाइव्ह घेऊ की आय-सेव्हन, ग्राफिक कार्ड लागेल का, जुना घेतला तर चालेल का, असं विचारत तू दोन पानं भरलीस. काजूची बी हातात घेऊन आतला गर कसा निघेल ते सांगणारी मुलगी तू, आणि दुकानदाराने तीन कागद पुढे सरकवले तर तुझी झोप उडाली. या सगळ्यात शेडमधल्या विजेबद्दल एकच वाक्य आहे, तेही जाता जाता लिहिलेलं: भावाचा जुना कॉम्प्युटर सध्या वापरतेस आणि कॅबिनेटला हात लागला की बोटांना झिणझिण्या येतात.

मी त्या वाक्यापाशीच अडलो. बाकीचे प्रश्न त्याच्यानंतर.

त्या झिणझिण्यांचा अर्थ समजून घे. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये शिरतानाच एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात, कारण पत्रा अर्थला, म्हणजे जमिनीला, जोडलेला असणार हे बनवणाऱ्याने गृहीत धरलेलं असतं. अर्थ नसेल तर तो पत्रा अधांतरी राहतो आणि २३० व्होल्टच्या साधारण निम्म्या दाबावर जाऊन बसतो. करंट अगदी कमी, म्हणून नुसत्या झिणझिण्या. पण त्या आल्या म्हणजे तुझ्या बोर्डावरचं तिसरं भोक पोकळ आहे, किंवा त्याच्यामागची वायर कुठेतरी तुटलेली आहे. सत्तरी तालुक्यातल्या जुन्या घरांत हे मी किती ठिकाणी पाहिलं असेल! मालक नवा, चकचकीत थ्री-पिन बोर्ड बसवतो आणि मागे हिरवी वायरच नसते.

अर्थ नसेल तर हजार-दीड हजाराचा स्पाइक गार्डही बराचसा निकामी. जादा दाब आला की तो जमिनीत सोडून देणं हे त्याचं एक मोठं काम. जमिनीकडे जायला वाटच नसेल तर सोडणार कुठे? यूपीएसचंही तेच. यूपीएस स्वतःचं अर्थ तयार करत नाही, भिंतीतून येईल तेच पुढे देतो. म्हणून सांगतो, आधी अर्थिंग, मग कॉम्प्युटर. कोटेशनवर सही करायच्या आधी वायरमनला बोलाव.

वायरमन आला की मीटर लावून तुझ्यासमोर मोजून घे. फेज ते न्यूट्रल जेवढं येईल, फेज ते अर्थ जवळजवळ तेवढंच यायला हवं. न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. आणि तो “बाय, न्यूट्रलवरूनच अर्थ मारून देतो, कोणाला कळत नाही” असं म्हणाला तर त्याला चहा दे आणि परत पाठव. पावसात खांबावरचा न्यूट्रल तुटला की त्या जोडणीतून कॅबिनेटचा अख्खा पत्रा फेज होतो. कॅबिनेटला हात लावणारी तू असशील, किंवा गर सोलायला येणाऱ्या बायकांपैकी कोणीतरी. यावर मला चर्चा नको आहे.

अर्थिंगचा खड्डा स्वतंत्र घ्यायला सांग. आपल्याकडे खाली जांभा. चैत्र-वैशाखात तो असा कोरडा होतो की पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग नेमकं वळवाच्या पहिल्या गडगडाटाला कुचकामी ठरतं. म्हणून उन्हाळ्यात खड्ड्यात नेमाने पाणी घालायचं. विहिरीजवळची किंवा न्हाणीच्या सांडपाण्याकडची ओली जागा मिळाली तर सोन्याहून पिवळं. मीठ-कोळसा घातलेल्या जुन्या खड्ड्यातला पाइप आणि त्याची पट्टी गंजून तुटलेली असते, तीही उकरून बघायला लाव.

आता तू म्हणशील, काकांचं नेहमीचंच. हो, नेहमीचंच. डिचोलीत कॉम्प्युटरचं दुकान चालवत होतो तेव्हाही अर्थिंग नसलेल्या जागेत मी मशीन बसवलं नाही. गिऱ्हाईक रागावून गेलं तर जाऊ दिलं. त्यात एक माझा शाळेपासूनचा मित्र होता. त्याच्या नव्या दुकानाचं उद्घाटन दोन दिवसांवर आलेलं आणि मी मशीन गाडीतून उतरवायलाच तयार नव्हतो. त्याने दुसरीकडून घेतलं. दर चतुर्थीला त्याच्याकडे माटोळी, म्हणजे गणपतीवरचं फळांचं छत, बांधायला मी जायचो, ते जाणं थांबलं आणि पुन्हा सुरू झालं नाही. त्याची मला आजही रुखरुख आहे. त्याचा कॉम्प्युटर पुढे कित्येक वर्षं काही न होता चालला, हेही तुला सांगून ठेवतो, नाहीतर दुसऱ्या कोणाकडून ऐकशील. तरी माझं म्हणणं बदललेलं नाही. वीज पडली नाही म्हणून अर्थिंग नको होतं असं होत नाही. मला हे त्याला नीट समजावता आलं असतं तर, असं अजून वाटतं. पण मशीन उतरवलं असतं तर, असं एकदाही वाटलं नाही.

विजेची दुसरी वाट लोक विसरतात. तुझ्याकडे इंटरनेटची तांब्याची वायर शेजारच्या छपरावरून आली असेल तर मे महिन्यातल्या आणि हस्ताच्या गडगडाटात तीही उपटायची. पॉवरचा प्लग काढला आणि ती राहिली, तर लॅनच्या पोर्टातून मदरबोर्ड जातो. फायबर असेल तर ती वायर लावलेली राहू दे, राउटरचा अडॅप्टर मात्र काढ.

बॅकअपची पोर्टेबल डिस्क कायम यूएसबीला लावून ठेवणारे म्हणजे माझ्या डोक्याला ताप. ज्या दाबाने मशीन जाईल त्यानेच तीही जाणार. मग बॅकअप कशाचा? दोन डिस्क घे. आठवड्याचं काम उतरव, काढ, एक घरी ने. जीएसटीच्या नोंदी वार्षिक रिटर्नच्या मुदतीपासून ७२ महिने सांभाळाव्या लागतात, इतकी वर्षं एकच डिस्क तगेल या भरवशावर राहू नकोस.

कोटेशनांचं थोडक्यात. सगळ्यात स्वस्त आहे त्यात सहाव्या पिढीचा इंटेल आहे, त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबला. ते बाद. महागड्यातलं ग्राफिक कार्ड तुला बिलं आणि स्टॉक लिहायला कशाला हवं? तेही बाद. मधलं ठीक आहे. आय-थ्री पुरेल, रॅम १६ जीबी कर, डिस्क एसएसडीच हवी, विंडोज परवान्याचं. वाचलेले पैसे कुठे घालायचे ते तुला आता कळलं असेल. ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट, त्यावर कॉम्प्युटर, मॉनिटर आणि राउटर एवढंच. लेझर प्रिंटर त्याच्यावर लावायचा नाही, त्याचा हीटर एका झटक्यात इतका खेचतो की यूपीएस बसतो.

आणि मशीन भट्टीच्या आणि सोलण्याच्या खोलीत नको. टरफलांचा चिकट धूर आणि सालीची भुकटी पंख्यावर बसली की आत उष्णता कोंडते. सोप्यावरची कोपऱ्यातली खोली दे.

अर्थिंगची मोजणी पाऊस सुरू व्हायच्या आत, जमीन कोरडी असतानाच करून घे. श्रावणात ओल्या मातीत कोणाचाही आकडा चांगला येतो आणि वायरमन तोच दाखवून पैसे घेतो. अर्थिंगचा रोध ५ ओहमच्या आत आला का ते मला कळव. जास्त आला तर खड्डा पुन्हा करायला लाव. तो वाद घालायला लागला तर त्याला माझा नंबर दे, मी बोलतो त्याच्याशी.

तुझा,
काका