पहिल्या स्ट्राइकनंतरचे ९० दिवस

चि. मुली,

काल रात्री साडेअकराला तुझा मेसेज आला, 'काका, दिंडीचा व्हिडिओ उडवलाय, आता स्ट्राइक जाईल ना?' नाही जाणार, अगं. स्ट्राइक म्हणजे नियम मोडल्याबद्दल यूट्यूबने चॅनलच्या नावावर केलेली नोंद; तो पडल्यावर व्हिडिओ डिलीट केला तरी ती तशीच राहते. सकाळपर्यंत दुसरं काही डिलीट करू नकोस, एवढं रात्रीच कळवलं होतं. बाकीचं आता सविस्तर लिहितो.

तुझा स्ट्राइक कॉपीराइटचा आहे, म्हणजे दिंडीच्या व्हिडिओत दुसऱ्याचं गाणं परवानगीशिवाय वापरल्याचा. 'कॉपीराइट स्कूल' नावाचा छोटासा धडा पूर्ण केलास की तो ९० दिवसांनी जातो. तो धडा आजच उरकून घे. मात्र तीन स्ट्राइक एकाच वेळी डोक्यावर असले तर चॅनल जातं, त्याला जोडलेली इतर चॅनलंही जातात, आणि नवीन उघडायलाही मनाई होते. कम्युनिटी गाइडलाइन्सचे, म्हणजे व्हिडिओत काय चालतं नि काय नाही या यूट्यूबच्या नियमांचे, स्ट्राइक वेगळे. तिथे बहुतेक वेळा आधी ताकीद मिळते, मग एक आठवडा अपलोड बंद, ९० दिवसांच्या आत दुसरा आला तर दोन आठवडे, आणि तिसऱ्याला चॅनलच काढून टाकतात. त्याची चिंता तुला आज नाही.

मला काळजी वाटते ती तुझ्या जुन्या व्हिडिओंची. स्ट्राइक मोजताना व्हिडिओ कधी टाकला हे बघत नाहीत. दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओवर उद्या तक्रार आली तर स्ट्राइक उद्याचाच धरतात. आणि ज्याला एक व्हिडिओ सापडला तो तुझ्या चॅनलवर थांबून बाकीचेही बघणारच. तेच गाणं आणखी चार व्हिडिओंत असेल, तर नवीन काहीही न टाकता तुझं चॅनल जाऊ शकतं.

माझं काय झालं ते तुला कधी सांगितलं नव्हतं. पालखीच्या एका व्हिडिओत वारकरी पावसात इरलं सावरत चाललेत, त्याखाली मी एका मोठ्या गायकाचा अभंग लावला होता. जेमतेम वीस सेकंद. वर्णनात गायकाचं नाव लिहिलं, 'सर्व हक्क मूळ मालकाचे' असंही लिहिलं. मालकाने सात दिवसांची मुदत देऊन व्हिडिओ काढायची विनंती केली होती. त्या सात दिवसांत मी तो काढला असता तर स्ट्राइक पडलाच नसता. पण चॅनलचा ईमेल मी महिना महिना उघडत नसे. मेल वाचला तेव्हा मुदत संपून स्ट्राइक पडलेला होता. चूक सर्वस्वी माझी. तेव्हापासून तो ईमेल मी रोज सकाळी चहाबरोबर बघतो. तूही तो पत्ता आजच फोनवर घाल.

'अभंग तर तुकोबांचा, त्याला कसला कॉपीराइट?' असं तू विचारलंस. शब्द सगळ्यांचेच, त्यावर कुणाचा हक्क नाही. पण ती चाल एका संगीतकाराची आहे आणि ते ध्वनिमुद्रण एका कंपनीचं. आपल्या कायद्यात चालीचा हक्क संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो, ध्वनिमुद्रणाचा ते प्रकाशित झाल्यापासून ६० वर्षं. पाच-दहा सेकंद चालतात, श्रेय दिलं की चालतं, हे सगळं ऐकीव आहे. दिंडीतल्या माणसांनी पारंपरिक चालीत म्हटलेला अभंग त्यांची परवानगी घेऊन तूच रेकॉर्ड कर. टाळ थोडा मागेपुढे होईल, कुणी मध्येच खोकेल. मला तर तेच जास्त आवडतं.

कंटेंट आयडीचा, म्हणजे यूट्यूबच्या गाणी आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा, क्लेम म्हणजे स्ट्राइक नव्हे, हेही लक्षात ठेव. त्यात बहुतेक वेळा त्या व्हिडिओची कमाई मालकाकडे जाते, किंवा व्हिडिओ दिसेनासा होतो.

तुझा मित्र म्हणतो तसं दुसरं चॅनल काढून तोच व्हिडिओ पुन्हा टाकू नकोस. अमेरिकेच्या १९९८ च्या डीएमसीए या कॉपीराइट कायद्यानुसार, वारंवार उल्लंघन करणाऱ्यांची खाती बंद करायचं धोरण पाळलं तरच यूट्यूबसारख्या कंपन्यांना लोकांनी टाकलेल्या व्हिडिओंच्या जबाबदारीपासून संरक्षण मिळतं. त्यामुळे तिथे गयावया करून फारसं काही होत नाही. 'तक्रार चुकीची आहे' असं कळवायचं काउंटर नोटिफिकेशनही रागाच्या भरात भरू नकोस. तो कायदेशीर कागद आहे, तुझं नाव-पत्ता तक्रारदाराकडे जातो, आणि कोर्टात गेल्याचा पुरावा द्यायला त्याला कामाचे दहा दिवस मिळतात. गाणं खरंच दुसऱ्याचं असताना तो भरायचा नसतो. मालकाला सभ्य भाषेत लिहून तक्रार मागे घ्यायची विनंती मात्र जरूर कर. कधी कधी ऐकतात.

आता एका वहीत प्रत्येक जुन्या व्हिडिओचं नाव लिही आणि पुढे आवाज कुठून घेतला ते लिही. जिथे आठवत नाही तिथे फुली मार. फुलीवाले आजच प्रायव्हेट कर, डिलीट नको. रविवारी वही घेऊन ये, हेडफोनही आण. एकेक ऐकून ठरवू कुठला आवाज काढायचा आणि कुठला ठेवायचा.

तुझा,
काका